भूप, बागेश्री आणि खासबागेची भिंत

कोल्हापूर,
दि. १८ ऑगस्ट २०२४

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला याचे कारण तुला ठाऊक आहे. १ ऑगस्टला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि सारे गाव आनंदाने वेडे झाले. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, ८ तारखेच्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी सकाळी जाऊन पाहिले. भिंती काळ्या पडल्या होत्या, छप्पर खाली आले होते, आणि माझ्यासारखी पुष्कळ माणसे एकमेकांशी एक शब्दही न बोलता नुसती उभी होती.

तू पत्रात विचारले आहेस की, आपला तो जुना खेळ, गायिका किशोरीताई आमोणकरांच्या एकेका ध्वनिमुद्रिकेला कोल्हापूरचा एकेक खेळाडू शोधण्याचा, मला अजून आठवतो का. आठवतो तर आहेच. पण त्या सकाळी तिथे उभा असताना मला प्रथमच असे वाटले की तो नुसता खेळ नव्हता. नाट्यगृहाच्या पाठीला खासबागेचे कुस्ती मैदान लागून आहे, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. शाहू महाराजांनी १९१२ साली मैदान उभे केले आणि १९१५ साली पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे हे नाट्यगृह. एका अंगाला तांबडी माती आणि दुसऱ्या अंगाला गाणे, मध्ये काय ती भिंत. ज्यांनी पैलवानांना तालमी आणि खुराक दिला, त्यांनीच जयपूर घराण्याचे गवई अल्लादिया खाँसाहेब यांना दरबारी आश्रय दिला; खाँसाहेबांनी मोगूबाई कुर्डीकरांना शिकवले आणि मोगूबाईंनी आपल्या लेकीला. किशोरीताई जन्मल्या आणि राहिल्या मुंबईत, त्यांचे मूळ गोव्याचे, तरी त्यांचे गाणे ऐकताना आपल्याला ते घरचे वाटते ते यामुळे. घराणे आणि तालीम या दोन्ही ठिकाणी विद्या एकाच रीतीने मिळते: वस्तादाच्या समोर बसून, अंग मोडेपर्यंत तेच तेच करून.

भूप रागापासून सुरुवात करतो. ज्या तबकडीच्या एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री आहे, ती तुझ्याकडे आहे आणि ती तू मला कधीच देणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे. त्या भूपाला तू तेव्हा खाशाबा जाधवांचे नाव दिलेस. ते मला पटले नव्हते. मला वाटे, त्या भूपातले ‘सहेला रे’ घरोघरी माहीत आणि खाशाबाही घरोघरी माहीत, एवढ्यावरून तू जोड लावलीस. आज मला तुझी निवड अचूक वाटते. मात्र कारण वेगळे आहे. खाशाबा लहान चणीचे. १९४८ साली लंडनला ते फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अंगात वजन नसले की मल्लाला एकही हालचाल वाया घालवता येत नाही. भूपाचेही तसेच आहे. मध्यम नाही, निषाद नाही. उरलेल्या पाच स्वरांवर सगळा संसार. त्यातून तेच पाच स्वर देसकार रागातही आहेत. भूपात गंधारावर राहायचे आणि देसकारात धैवतावर, एवढ्या तोलावर राग टिकतो किंवा ढळतो. किशोरीताई विलंबितात, म्हणजे संथ लयीत, त्या गंधारावर येतात तेव्हा थेट येऊन उभ्या राहत नाहीत. खालून रिषभाला धरून, मींडेने, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत, आधी त्याची कड चाचपतात, मागे सरतात, पुन्हा जातात, आणि मग गंधार असा लागतो की स्वरमंडळाच्या तारा आणि आवाज यांत फट राहत नाही. मल्ल हातात माती घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या मानेला आणि दंडाला चोळतो, दोन्ही हातांनी त्याचे वजन अजमावतो, आणि पकड मिळेपर्यंत डाव टाकत नाही, अगदी तसे.

आणखी एक गोष्ट तेव्हा आपल्या दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. खाशाबा मातीतले मल्ल, पण लंडनला त्यांना गादीवर लढावे लागले. तिथले नियम निराळे, वेळ मोजून. तेव्हा रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाकडून त्यांनी गादीवरची कुस्ती समजून घेतली. चार वर्षांनी पुन्हा जायचे तर पैसे नव्हते, म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, ही गोष्ट तर आपण शाळेत असल्यापासून ऐकली. गाणाऱ्याची गादी म्हणजे तबकडी. मैफलीत तासभर रागाची बढत, म्हणजे विस्तार, करणाऱ्या गायिकेला एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यात विलंबितही यायला हवे आणि द्रुतही. किशोरीताईंनी त्या मर्यादेची तक्रार भूपात कुठेही ऐकू येऊ दिलेली नाही. घाई नाही, आणि शेवटी तानांची गर्दीही नाही.

बागेश्रीच्या बाजूला मात्र मला ती मर्यादा बोचते, म्हणून तिला मी आपले क्रिकेटपटू भाऊसाहेब निंबाळकर यांचे नाव देत आलो. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राकडून ते नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमन यांचा विक्रम ४५२ चा, म्हणजे नऊ धावा उरल्या होत्या, आणि काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला. संघ मैदान सोडून गेला. भाऊसाहेबांना कसोटी सामना कधीच मिळाला नाही. आपल्याच गावात, त्र्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर असताना, २०१२ साली ते गेले. बागेश्री ऐकताना मला नेहमी वाटते की राग आता कुठे उलगडायला लागला आहे, मध्यमावरून धैवताकडे जाणारी ती वाट आता कुठे रुंद होते आहे, आणि तेवढ्यात सुई आतल्या कडेला जाऊन खरखरू लागते. गाणाऱ्याचे गाणे संपलेले नसते; तबकडी संपलेली असते. तुझ्या तबकडीवर त्या बाजूला शेवटच्या भागात एक आडवा चरा आहे, तिथे सुई दर फेऱ्याला ‘टक’ करते, आणि मी इतक्या वेळा तिथेच ऐकले आहे की आता दुसरीकडे कुठेही हे गाणे ऐकताना त्या जागी ‘टक’ न आल्याने मला चुकल्यासारखे होते.

गणपतराव आंदळकरांविषयी आपण भांडलो होतो. त्यांचे मूळ गाव शिराळा तालुक्यातले पुनवत, पण ते घडले आपल्या मोतीबाग तालमीत. १९६० चे हिंदकेसरी, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमनचे सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचे रौप्य. मी म्हणालो होतो की जयपूर घराण्याच्या भारी रागांना, संपूर्ण मालकंसाला आणि बहादुरी तोडीला, आंदळकरांवाचून दुसरे नाव शोभणार नाही. मालकंसात पाचच स्वर; संपूर्ण मालकंसात सातही स्वर घ्यायचे आणि तरी मालकंस दिसत राहिला पाहिजे. हे काम थोराड अंगाचे आहे. गमकेची, म्हणजे स्वर जोराने घुमवणारी, तान उठते तेव्हा खासबागेत शड्डू ठोकल्यावर जो आवाज उमटतो तोच कानात घुमतो. तुझे म्हणणे होते की किशोरीताईंनी घराण्याची लयीला घट्ट बांधलेली गायकी सैल केली, आलापाला नको तितकी जागा दिली, म्हणून त्यांना आंदळकर म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. हा आक्षेप जाणत्यांनीही घेतला आहे, त्यामुळे मी तो हसण्यावारी नेत नाही. पण त्या अंजनीबाई मालपेकरांकडे शिकल्या, आग्रा आणि ग्वाल्हेरच्या गुरूंकडेही बसल्या, आणि जे घेतले ते आपल्या आवाजात मुरवून घेतले. आंदळकरांनी मातीही जिंकली आणि गादीही जिंकली. त्यांना कोणी माती सोडल्याचा दोष देत नाही. मी माझ्या निवडीवर ठाम आहे.

जिथे माझे मत पूर्णपणे बदलले, ते आता सांगतो. ‘म्हारो प्रणाम’ या मीरेच्या भजनांच्या ध्वनिमुद्रिकेला मी तेव्हा शेवटची जागा दिली होती. भजन म्हणजे मोठ्या गाण्यानंतरची विश्रांती, असा माझा समज होता, आणि तू रागावून दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. तुझा राग योग्य होता. हे मला गाण्यातून कळले नाही, नेमबाजीतून कळले. २०१० साली आपल्या तेजस्विनी सावंतने म्युनिचला ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. ६०० पैकी ५९७ गुण, तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी. जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला नेमबाज. त्यानंतर मी या खेळाची माहिती मिळवत गेलो. पन्नास मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ एक सेंटिमीटरहून किंचितच मोठे असते. पोटावर पडून, रायफलीचा पट्टा दंडाला आवळून, श्वास अर्धा सोडायचा, तो थांबवायचा, आणि चाप ओढला हे स्वतःलाही जाणवू नये इतक्या हळू ओढायचा. असे साठ वेळा. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही.

मीरेची भजने मी हे सगळे मनात ठेवून पुन्हा ऐकली. तानेला जागाच नाही, लयकारीला नाही, रागाचा विस्तार नाही. ज्या ज्या गोष्टींनी गवई आपले बळ दाखवतो त्या सगळ्या बाजूला ठेवलेल्या. उरतो फक्त शब्द आणि त्याच्यावर ठेवायचा एक स्वर, तो केसाइतका इकडे तिकडे झाला तर सगळे गेले. या बाईंचा आवाज पंचविशीच्या सुमारास गेला होता आणि सुमारे दोन वर्षे त्या गाऊ शकत नव्हत्या, हे आठवले की त्या एकेका स्वराची किंमत आणखी कळते. अल्लादिया खाँसाहेबांवरही तरुणपणी तोच प्रसंग आला होता. गेल्या पंधरवड्यात स्वप्निलची अंतिम फेरी पाहताना माझे तळहात भिजले होते, आणि तो मात्र गोळी आणि गोळी यांच्या मध्ये डोळे मिटून उभा होता. मला ‘म्हारो प्रणाम’ आठवले. तेव्हा ती तबकडी शेवटची नव्हे. माझ्या यादीत आज ती भूपाच्या शेजारी आहे. तुझी क्षमा मागायला मला इतकी वर्षे लागली.

वीरधवल खाडेला कोणती ध्वनिमुद्रिका द्यायची हे अजून ठरत नाही. सोळाव्या वर्षी तो बीजिंग ऑलिंपिकला पोहला, २०१० ला आशियाई कांस्य आणले, मग नोकरीमुळे पाण्यापासून दूर गेला आणि २०१८ ला आशियाई स्पर्धेत परत येऊन सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने पदक हुकून चौथा राहिला. तू त्याला सुरुवातीचा जौनपुरी द्यावा असे म्हणतोस. तेवढा झोत जौनपुरीत आहे हे खरे, पण परत येण्याची गोष्ट त्यात नाही. ‘दृष्टी’ची गाणी आणि आपल्या शांतारामबापूंच्या ‘गीत गाया पत्थरों ने’चे शीर्षकगीत मी या खेळाच्या बाहेर ठेवतो; ती चित्रपटांची आहेत.

राहिला सोयराबाईंचा अभंग, ‘अवघा रंग एक झाला’. त्याला मी पुष्कळ नावे लावून पाहिली आणि एकही बसले नाही. मग आठवले की खासबागेत मोठी कुस्ती निकाली झाली की कठड्याच्या आतबाहेर असे काही उरत नाही. हलगी कडाडत असते, विजेत्याला खांद्यावर घेतलेले असते, सगळे हौद्यात उतरलेले असतात, आणि बाहेर पडताना कोणाचे धोतर, कोणाची विजार, कोणाची बंडी, सगळे त्याच एका तांबड्या रंगाचे. शाहू महाराजांच्या गावात चोखोबांच्या पत्नीचा तो अभंग असा आठवावा, याचे मला समाधान वाटले. त्या अभंगाला खेळाडू नको. त्याला मैदानच द्यावे.

नाट्यगृह पुन्हा उभारण्याची मागणी सगळीकडून होते आहे. तू दिवाळीला येशील तेव्हा खासबागेत बसू. तिथून नाट्यगृहाची पाठ दिसते. येताना ती तबकडी घेऊन ये. या वेळी बागेश्रीची बाजू आधी लावू, आणि वीरधवलचा निकाल त्यानंतर लावू. घरी सर्वांना नमस्कार सांग. वहिनींची प्रकृती आता कशी आहे ते आवर्जून कळव.

तुझाच,
जुना मित्र