पहाटेची धाव आणि हौशी मुष्टियोद्धे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शालेय आणि महाविद्यालयीन मुष्टियुद्ध स्पर्धांचे दिवस जवळ आले की जळगाव, भुसावळ, धुळे या भागांत पहाटे साडेचार-पाचलाच रस्त्यावर धावणारी मुले दिसू लागतात. त्यांतली बरीचशी पोलीस भरतीची तयारी करणारी असतात, काही बॉक्सिंगची, आणि पुष्कळदा एकच मुलगा दोन्हींची तयारी करत असतो. पहाटे उठून धावल्याशिवाय बॉक्सर घडत नाही, असे या मुलांना सांगितले जाते आणि पालकही ते प्रमाण मानतात. बरीच वर्षे मुलांना हा खेळ शिकवत आल्यामुळे याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. धावण्याने हौशी मुष्टियोद्ध्याचा फायदा होतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु तो फायदा मुलगा कसा धावतो आणि धावून झाल्यावर किती विश्रांती घेतो यावर ठरतो, तो किती वाजता उठला यावर नाही.

मोठ्या वयोगटांत हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते आणि दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिटाची विश्रांती मिळते. एवढ्याशा वेळासाठी रोज मैलोन्‌मैल कशाला धावायचे, असा प्रश्न काही मुले विचारतात, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर तिसऱ्या फेरीत मिळते. दमसास कमी असलेल्या मुलाचा गार्ड (बचावासाठी चेहऱ्यापुढे धरलेले हात) आधी गालापासून हनुवटीपर्यंत आणि मग छातीपर्यंत उतरतो, तोंड उघडे पडते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि सरावात शंभरदा चुकवलेला सरळ ठोसा त्याला लागतो. जोरदार ठोशांच्या सरबत्तीसाठी स्नायूंत साठलेली तातडीची ऊर्जा काही सेकंदांतच ओसरते; ती पुन्हा भरून निघण्यासाठी ऑक्सिजन लागतो. ज्याचे हृदय एका ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलते, तो त्या एका मिनिटाच्या विश्रांतीत लवकर सावरतो. ही क्षमता संथ, सलग धावण्याने चांगली वाढते. फेरी संपताच आणि मिनिटभराने पुन्हा, अशी दोनदा नाडी मोजली तर फरक कोणत्याही पालकाला स्वतः पाहता येईल.

अडचण येते ती एकच एक धाव रोज धावण्यामुळे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते, त्यामुळे एका लयीत, घड्याळाकडे डोळे लावून धावण्याची सवय त्यांच्या अंगात मुरते. रिंगमधली हालचाल तशी नसते. तिथे काही क्षण झंझावात, काही क्षण सावध पदन्यास आणि पुन्हा झंझावात असा प्रकार असतो. म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस अर्धा-पाऊण तास अशा गतीने धावावे की धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. आणि एक-दोन दिवस तीन मिनिटे वेगाने धावून एक मिनिट चालावे, असे चार-पाच वेळा करावे. नवख्या मुलाला विश्रांती थोडी जास्त द्यावी. कच्च्या वयात रोज डांबरी रस्त्यावर लांब पल्ला धावल्याने नडग्या धरतात, आणि नडगी दुखू लागली की पदन्यासाचा सराव बंद पडतो, जो खरे तर जास्त मोलाचा असतो.

आता पहाटेविषयी. मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, त्या आपल्या खानदेशात उन्हाळ्यात सकाळीच धावणे शहाणपणाचे आहे, हे मी मान्य करतो. पण त्याचे कारण ऊन हे आहे. उलट पहाटे शरीराचे तापमान दिवसातील नीचांकाजवळ असते, सांधे आखडलेले असतात, आणि वेग व ताकद बहुतेकांच्या बाबतीत दुपारनंतर अधिक असते. धुळ्याच्या डिसेंबरातील गारठ्यात तर अंग नीट गरम न करता वेगाने धावणे म्हणजे पोटरीच्या दुखण्याला आमंत्रण आहे. संथ धाव सकाळी, वेगाची धाव संध्याकाळी, अशी विभागणी हिवाळ्यात सहज करता येते. वेगाची धाव सकाळीच करायची असेल तर उपाशीपोटी करू नये; आपल्याकडे केळ्यांची वानवा नाही, एक केळे आणि पेलाभर पाणी पुरते.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती झोपेची. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. शिकवणी, जेवण आणि मोबाइल उरकून अकराला झोपणारा मुलगा साडेचारला उठला तर त्याच्या पदरी साडेपाच तास पडतात, आणि व्यायामाने झालेली झीज तर झोपेतच भरून निघते. संध्याकाळी सरावाच्या पॅडवर ठोसे मारताना त्याचे हात जड पडतात तेव्हा आपण त्याला आळशी ठरवतो. रात्री साडेआठला झोपणे जमत नसेल, तर त्याने सहा-साडेसहाला उठून धावावे. त्याचे काहीही बिघडणार नाही.

आणखी एक प्रकार ताबडतोब थांबला पाहिजे. वजन गटात बसण्यासाठी अंगात प्लॅस्टिकचे जाकीट किंवा रेनकोट घालून मुलांना पळवले जाते. त्यातून उतरते ते पाणी, चरबी नव्हे. हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी वजन होते, म्हणजे असा कोरडा पडलेला मुलगा काही तासांतच डोक्यावर ठोसे झेलायला उभा राहतो. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असेच झपाट्याने वजन उतरवताना दगावले आणि त्यानंतर तिथे महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूटवर बंदी आली. आपण आपल्या मुलांवर अशी पाळी येण्याची वाट पाहू नये.

शेवटी, ही मुले महामार्गाच्या कडेला धावतात, कारण मैदानांची फाटके त्या वेळी बंद असतात. अंधार, धुके आणि ऊस-कापसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या यांच्यामधून ती वाट काढतात, आणि कित्येकांच्या अंगावर गडद रंगाचा शर्ट असतो. नगरपालिका, महाविद्यालये आणि शाळा यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी आपली मैदाने सकाळी साडेपाचपासून खुली ठेवावीत, एका कडेला तरी दिवे लावावेत आणि पिण्याच्या पाण्याची सोय करावी. फाटक उघडणाऱ्या कर्मचाऱ्याचे मानधन हा प्रश्न असेल, तर तो भार उचलायला शहरातील क्रीडाप्रेमी नक्की पुढे येतील. मी स्वतः त्यात वाटा उचलण्यास तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, भुसावळ