कोंबड्या राखायला शिकवणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

आमच्या वस्तीवरच्या कोंबड्या बघायला हल्ली लोक येतात. कुणी नान्नजहून, कुणी मार्डीहून. माळाला लागून रान, रात्री कोल्हेकुई, दिवसभर कोंबड्या मोकळ्या, तरी टिकतात कशा, असं विचारतात. मी सांगते, आणि ते मलाच हुशार समजून जातात. परवा बचत गटाच्या बैठकीत माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. त्यातलं माझं काय आणि तुमचं काय, हे एकदा चारचौघांत सांगून टाकावं म्हणून हे पत्र.

ज्वारी निघाली की तुमचा मेंढरांचा वाडा आमच्या रानात उतरतो, हे सासऱ्यांपासून चालत आलेलं. मेंढरं बसवायची, आम्हाला खत, तुम्हाला धान्य नि पैसे. कोंबड्या बघणं त्या व्यवहारात कधीच नव्हतं. पण त्या सकाळी खुराड्याभोवती पिसं उडत होती आणि सगळी भावकी 'लांडगा, लांडगा' करत जमली होती, तेव्हा तुम्ही कुणी न बोलावता आलात. आमच्या भागात काहीही मेलं की लांडगाच. माळढोकसाठी १९७९ साली अभयारण्य झालं, पण गावाच्या तोंडी माळढोकापेक्षा लांडग्याचंच नाव जास्त.

तुम्ही कुणाशी वाद घातला नाहीत. खाली बसलात आणि मेलेल्या कोंबड्या उलटून पाहिल्यात. मुंडकी नाहीत, धडं जाळीच्या आतच. "लांडगा आसता तर धड ठिवलं नसतं ताई. ह्यानं भायेरनं हात घालून वढलंय." कोंबड्या जाळीला अंग चिकटवून झोपत होत्या, आणि षटकोनी जाळीच्या भोकातून रानमांजराचा पंजा आरामात आत जातो. ती जाळी कोंबडी बाहेर जाऊ नये म्हणून असते, जनावर आत येऊ नये म्हणून नाही, हे विकणारा सांगत नाही आणि योजनेच्या माहितीपत्रकातही कुठे नसतं. तिथे खाद्य, लस, अंड्याचा भाव असतो. रात्री कोण येतं, यावर एक ओळ नाही.

संध्याकाळी तुम्ही चुलीतली राख चाळून खुराड्याभोवती पसरायला लावलीत. मला आधी तो उतारा वाटला, खरं सांगते. सकाळी राखेत गोल पावलं उमटली होती, नखाची खूण नसलेली. मांजराची जात चालताना नखं आत ओढून घेते, कुत्र्या-कोल्ह्याची नखं उमटतात. पुढे कधी नखं दिसली तर माग बघायचा, हेही तुम्हीच सांगितलंत. कोल्हा सरळ रेघेत येतो, सरळ जातो. मोकाट कुत्रं चार ठिकाणी हुंगत भटकतं. एखादीच कोंबडी पूर्ण गायब झाली तर कोल्हा किंवा खोकड. पाचसहा मारून तिथेच टाकल्या असतील तर बहुतेक कुत्री. अंडी फोडून सांडलेली, तीही दिवसाढवळ्या, तर मुंगूस. अंडी आहेत तिथून नुसतीच नाहीशी झाली तर साप. आता आमचा धाकटासुद्धा शाळेत जाण्याआधी राख बघून येतो आणि रात्रीचा पाहुणा कोण ते सांगतो.

विषाचं मात्र सविस्तर लिहायला हवं. आमच्यातल्याच एकाने फवारणीचं औषध लावलेली कलेजी बांधावर टाकायची तयारी केली होती. दुसरा म्हणत होता, तारेत करंट सोडू. त्या दिवशी तुमचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. विष ज्याच्यासाठी ठेवलं तोच खाईल याचा भरवसा नाही; तुमची कुत्री खातील, घार खाईल, मेलेलं मुंगूस कावळे खातील. मुंगूस गेलं की उंदीर वाढणार आणि उंदरामागे नाग घरात येणार. करंटच्या तारेला तर रात्री मोटार चालू करायला निघालेला माणूसच आधी चिकटतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कोल्हा, खोकड, लांडगा, रानमांजर यांना मारणं गुन्हा आहे हे आम्हाला कागदावर ठाऊक होतं. पण ती कलेजी थांबली तुमच्या बोलण्याने, कायद्याने नव्हे. ज्याची मेंढरं लांडगा खरोखर उचलतो तो माणूस विष नको म्हणतो, यावर कुणाला तोंड उघडता आलं नाही.

मग खुराडं. चारी बाजूंनी भिंत घालावी असं घरात ठरत आलं होतं. तुम्ही म्हणालात, कोल्ह्यापासून वाचतील आणि वैशाखात उकडून मरतील. सोलापूरचा उन्हाळा चव्वेचाळीसच्या घरात जातो तेव्हा पत्र्याखाली कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते. म्हणून भिंत गुडघ्याएवढीच, वर वारा खेळायला जाळी, पण कंबरेपर्यंत अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली तारेची जाळी, दुहेरी. बसायच्या काठ्या जाळीपासून लांब, मधोमध. या एका बदलाने रानमांजराचा प्रश्न जवळजवळ मिटला, आणि त्याला एक पैसा लागला नाही.

बुडाची युक्ती मी सगळ्यांना मुद्दाम दाखवते. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी पायाशीच उकरतं, दोन हात मागे सरून उकरायचं त्याला सुचत नाही. म्हणून जुनी जाळी भिंतीच्या पायापासून बाहेरच्या अंगाला दीड हात आडवी पसरली, वर दगड आणि मुरूम. काळ्या मातीत खांब रोवू नका, असंही तुम्ही बजावलंत, आणि उन्हाळ्यात बघितलं तर शेजारच्या कुंपणाखाली हात जाईल एवढ्या भेगा. आमचे खांब मुरमात आहेत, हलले नाहीत. दाराला नुसती कडी नाही, खिट्टी आहे. आणि रात्री खाद्याची भांडी आत ठेवत नाही, कारण दाण्याला उंदीर येतो आणि उंदराला साप.

पिलांचं शहाणपण तर तुमच्या घरच्या मामींचं. तुमच्या कोंबड्या घोड्यावरच्या डाल्यात बसून गावोगाव फिरतात, उघड्या माळावर राहतात, तरी त्यांचं कुणी नेत नाही, याचं मला कायम नवल होतं. दिवस मावळायच्या आत डालं पालथं, डाल्यावर दगड, डाल्याशेजारी माणूस झोपलेला. शिक्रा पक्षी पिलावर झडप घालतो ती उघड्या जागेत, म्हणून मामींनी तुरीच्या ओळी तोडू नका म्हणून सांगितलं. तूर निघाली की शेवग्याखाली पाचटाचा मांडव. कोंबडी घाबऱ्या आवाजात ओरडली की पिलं पळून लपतील अशी जागा चार पावलांवर हवी. पांढरी कोंबडी पहिली जाते, हेही त्यांचंच निरीक्षण. संकरित जातींचं मला अजून पटत नाही. अंडी जास्त देतात हे खरं, पण अंगाने जड, वेळ आली तर लिंबावर उडून बसता येत नाही. आमच्या गावरान तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, बसतात.

निघताना तुम्ही जुनी वाघर ठेवून गेलात. मेंढरांच्या वाड्याभोवती लावायची जाळी, ती आमच्या कोंबड्यांना कशाला, असं मी म्हटलं तर तुम्ही नुसते हसलात. दुपारी कोंबड्या मोकळ्या असतात तेव्हा गावाकडच्या अंगाला ती ताणून बांधते. कुत्र्यांचं टोळकं तिथवर येतं आणि परत फिरतं. तिची किंमत विचारली होती, तुम्ही सांगितली नाहीत. तुमच्याकडे एक वाघर विणायला किती काम पडतं, ते मी आता बघितलंय.

यंदा ज्वारी लवकर निघेल. वरच्या अंगाचं रान आधी बसवा, तिथे चारा बरा आहे आणि विहिरीला पाणी आहे. वाघर दोन ठिकाणी उसवली आहे, मला ती गाठ जमत नाही, आल्यावर दाखवा. मामींसाठी दोन तलंगा आणि अंड्यांवर बसणारी एक खुडूक कोंबडी बाजूला ठेवली आहे, डाल्यात जागा करून या. पैशाचं बोलणार असाल तर नको, किंमत मीही सांगणार नाही.

तुमची,
वडाळ्याच्या शिवारातली ताई