एकाच नावाचे दोघं

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खोलीच्या भाड्याचे पैसे तुला सव्वा महिना उशिरा मिळाले. फोनवर मी 'बँकेचं सर्व्हर बंद आहे' म्हणत राहिलो, ते खोटं होतं. परीक्षेच्या तोंडावर पोराला घोर नको, असं तुझी माय म्हणाली. आता अडकलेलं खातं मोकळं झालंय, तर खरं काय ते ऐक.

दिवाळीच्या आधी उदगीरच्या मोंढ्यात सोयाबीन घातलं. तेव्हा हमीभाव क्विंटलला 4892 होता, आपल्याला मिळाला 4150. खर्च वजा जाता 90 हजार आडत्यानं खात्यावर टाकले. हरभऱ्याचं बी आणायला कृषी केंद्रात गेलो तर फोनवरून पैसे जाईनात. शाखेतला पोरगा म्हणाला, "काका, खात्यावर कोर्टाची जप्ती आहे. ट्रॅक्टरचं कर्ज." आपल्या रानात ट्रॅक्टर येतो तो भाड्याचा, तुला ठाऊकच आहे.

खात्यात जमा होत होतं, निघत मात्र काही नव्हतं. विहिरीत पाणी दिसावं अन् पोहरा पोचू नये, तसं. बी शेवटी उधारीवर आणलं.

कर्ज माळावरच्याचं होतं. त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं माझ्यासारखंच. गावात आमच्यात कुणी चुकत नाही. मी वाड्यातला, तो माळावरचा. पण कागदाला वाडा कुठला अन् माळ कुठला?

आठ दिवस मी शाखेत नुसता भांडत होतो. 'वर कळवलंय' एवढंच उत्तर. मग वकिलानं कान उपटले: तोंडी काही मागू नका. अर्ज द्या, आदेशाची प्रत अन् नंबर मागा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. प्रत हातात आली तर तिच्यात फक्त नाव अन् गाव. पॅन नाही, जन्मतारीख नाही. नाव जुळलं, झालं!

मी लोकपालाकडं जातो म्हणून तणतणत होतो. वकील म्हणाला, आधी बँकेकडं लेखी तक्रार लागते, तिच्यावर 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. अन् कोर्टाचा हुकूम तो काही उठवत नाही. बँकेलाही आपल्या मनानं उठवता येत नाही. जप्त झालेली वस्तू कर्जदाराची नसेल तर मालकानं त्याच कोर्टात हरकत घ्यायची. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 21, नियम 58 आहे त्यासाठी. पॅन, आधार, शाळेचा दाखला, सातबारा आणि 'हे दोघं निरनिराळे' असा पोलीस पाटलाचा दाखला जोडला.

राहिला माळावरचा. त्याच्याकडं जायला माझे पाय उचलत नव्हते. राग होताच, पण खरं सांगू, लाज जास्त वाटत होती. दुसऱ्याच्या कर्जाची चौकशी त्याच्याच ओसरीवर बसून कशी करायची? मी काही बोलायच्या आधी त्यानंच ट्रंकेतून पॅन काढलं. म्हणाला, "माझ्यापायी तुझा हरभरा अडला." दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर एसटीनं उदगीरला आला अन् प्रतिज्ञापत्र करून दिलं, की कर्जदार मी, हे खातं माझं नाही. तिकिटाचे पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत. कर्जाच्या फायलीतलं पॅन त्याच्या पॅनशी जुळलं, तशी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या वकिलाची हरकत संपली. कोर्टाचं पत्र शाखेत पोचल्यावर तिसऱ्या दिवशी पैसे निघाले.

तुझ्या बँकेत पॅन, आधार अन् जन्मतारीख नीट नोंदली आहे का, ते एकदा बघून घे. तुला आज्याचं नाव ठेवलंय, अन् त्या नावाची माणसं आपल्या तालुक्यात बक्कळ आहेत.

हरभरा उशिरा पेरला, पण उगवण चांगली आहे. काल माळावरच्याच्या लेकीच्या लग्नाची पत्रिका आली. वर बोलावणं माझ्या नावाला, खाली निमंत्रकही माझ्याच नावाचा. तुझी माय अजून हसतीय.

तुझे नाना