रोबोटची बातमी आणि बाबांचं बीसीजी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फॉरवर्ड केलेली, मूत्राशयातल्या कॅन्सरच्या गाठी आकसवणाऱ्या सूक्ष्म रोबोटची बातमी वाचली. आई म्हणाली, तेव्हापासून तुम्ही तुमच्या मूत्राशयाच्या कॅन्सरवरच्या बीसीजी या औषधाचे उरलेले डोस पुढे ढकलायचं म्हणताय. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहितेय.

बातमी खोटी नाही. बार्सिलोनातल्या सॅम्युएल सांचेझ यांच्या गटाने जानेवारी 2024 मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. त्यांचे रोबोट म्हणजे सिलिकाचे अतिसूक्ष्म सच्छिद्र कण, त्यांवर युरिएज हे एन्झाइम आणि गाठीवर मारा करणारं किरणोत्सारी आयोडीन. युरिएज लघवीतला युरिया फोडतं आणि त्या जोरावर कण पुढे सरकतो. म्हणजे इंधन लघवीच! (आई, हसू नकोस.) एरवी मूत्राशयात सोडलेलं औषध गाठीत फारसं मुरत नाही, लघवीबरोबर निघून जातं. हे कण मात्र गाठीच्या आत घुसले, आणि एकाच डोसात गाठी सुमारे 90 टक्क्यांनी आकसल्या.

कुणाच्या? उंदरांच्या. तुमच्या फॉरवर्डमध्ये नेमकं हेच गाळलंय.

शिवाय त्या कणांना कुणी चालवत नाही, ते आपले आपण पोहतात. दिशा देण्याचं काम अमेरिकेत कॅल्टेक या विद्यापीठात झालं. तिथे हायड्रोजेलचे, म्हणजे पाणी धरणाऱ्या मऊ जेलचे, सुमारे 30 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोल आहेत, आत हवेचा बुडबुडा. अल्ट्रासाउंडने ढकलायचं, चुंबकाने वळवायचं. मला हे जास्त पटतं. लगाम डॉक्टरच्या हाती राहतो. पण तिथेही मूत्राशय उंदराचंच.

मूत्राशयच का, तर ती पिशवी आहे, नळीने थेट आत जाता येतं. रक्तात सोडलं की कणांना अडवायला प्रवाह आला, पांढऱ्या पेशी आल्या, यकृत आलं. त्यामुळे असं काही माणसांपर्यंत पोहोचलंच, तर तुमच्यासारख्या पेशंटना त्याचा लाभ आधी मिळेल, असं मला खरंच वाटतं. पण आधी माणसाला किती मात्रा झेपते आणि मागे उरलेल्या कणांचं काय होतं, हे तपासावं लागेल. तेवढा वेळ तुमची गाठ थांबणार नाही. हा आजार उलटतो, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलंय.

बीसीजी तरी काय, टीबीची लस! तीही कुणाला विचित्रच वाटली असेल, पण 1976 पासून ती मूत्राशयाच्या कॅन्सरवर माणसांत वापरली जातेय. जळजळ होते, मान्य. ती डॉक्टरांना सांगा, अंतर वाढवायचं की औषध द्यायचं ते त्यांना ठरवू दे.

गुरुवारच्या डोसला मी येतेय. आई, फाइल आणि आधीचे रिपोर्ट काढून ठेव.

तुमची,
मनू