काउंटरवर माझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या मॅडमना

मॅडम,

तुमच्या निरोपाच्या दिवशी मला बोलताच आलं नाही, गळाच भरून आला, म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितेय. ग्रंथालयात काम करणाऱ्या बाकीच्यांनीही हे वाचावं असं फार वाटतं.

मी जॉइन झाले तेव्हा डिग्री होती, पुस्तकं विषयांप्रमाणे लावायचे ड्युईचे नंबर पाठ होते, पण वाचकाशी बोलायचं कसं हे कुठल्याच पेपरात नव्हतं. एकदा एक गृहस्थ आले, मानसशास्त्राची पुस्तकं कुठेयत म्हणाले, मी १५० च्या रॅककडे बोट दाखवलं आणि परत देवघेवीत गुंतले. ते कितीतरी वेळ नुसतेच पुस्तकं चाळत उभे. तुम्ही जवळ गेलात, हळूच विचारलंत की नेमकं कशासाठी हवंय, तेव्हा कळलं की त्यांचा मुलगा बोलताना अडखळतो. त्यांचं पुस्तक ६१६.८५५ ला होतं, पार दुसऱ्या टोकाला!

त्यांच्यादेखत तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. गर्दी ओसरल्यावर खुर्ची ओढून बसलात, काय झालं ते माझ्याच तोंडून काढून घेतलंत, आणि पुढचा आठवडाभर काउंटरवर शेजारी उभ्या राहिलात, मध्ये न पडता. मी अडले की फक्त माझ्याकडे बघायचात. मी आजवर केलेल्या सगळ्या ट्रेनिंगपेक्षा तो आठवडा मोठा होता.

आधी जिथे होते तिथे वर्कशॉपला पाठवायचे, सर्टिफिकेट फाइलला लागायचं, विषय संपला. तुम्ही मात्र परत आल्यावर पहिलं हेच विचारायचात, की काय आणलंस आमच्यासाठी? मग दार उघडण्याआधीच्या अर्ध्या तासात ते सगळ्यांना करून दाखवायचं, आणि त्यातलं एक तरी लगेच वापरायला घ्यायचं. त्यासाठी तुम्ही ड्युटीतून वेळ काढून द्यायचात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण काम तेवढंच ठेवून वर नवीन शीक म्हटलं की माणूस मनातून थकतो.

आणि कोहा, म्हणजे ग्रंथालयाचं काम कॉम्प्युटरवर करायचं सॉफ्टवेअर, आलं तेव्हाचं तर विसरणंच शक्य नाही. आमचे सगळ्यात जुने सहकारी माउस धरायलाही घाबरत होते, आता आपलं काय काम उरलं असं म्हणायला लागले होते. तुम्ही त्यांना दाखल नोंदवह्या, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक नंबर देऊन नोंदलेल्या वह्या, घेऊन डेटा तपासायला बसवलंत. एकच दाखल नंबर दोन पुस्तकांना पडलेला, अर्धवट पुसलेल्या नोंदी, कोणाचं अक्षर कोणतं, हे फक्त त्यांनाच माहीत होतं. महिन्याभरात ते स्वतःहून स्क्रीनसमोर बसले, आणि रिपोर्टमध्ये तुम्ही त्यांचं नाव सर्वात वर लिहिलंत. तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला होता, मी बघितलंय.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पाचवं, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, मी परीक्षेत पुस्तकं आणि वाचक वाढतात एवढंच लिहून आले होते. त्यात त्यांनी कर्मचारीही धरलेत, हे मला तुमच्याकडे काम करताना समजलं.

मॅडम, खूप खूप आभार. सोमवारी दोन नवीन मुलं जॉइन होतायत, पहिला आठवडा मी त्यांच्या शेजारी उभी राहणार आहे. मध्ये न पडता.

तुमचीच,
काउंटरवरची