ताडपत्री गोदामात, चाबी माझ्या खिशात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे नवउद्योजकांचा मेळावा झाला, गर्दी चांगली होती, पीपीटी झाल्या, पीएमएफएमई योजनेत (लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना) 35 टक्के सबसिडी, जास्तीत जास्त 10 लाख, हे तीन जणांनी तीनदा सांगितलं. ती सबसिडी हातात नगदी पडत नाही, कर्जखात्यातच जमा होते, एवढं मात्र कोणी बोललं नाही आणि पोरं तिच्याच भरवशावर हिशोब मांडून बसतात. असो, मला दुसरंच सांगायचं आहे, मालक जागेवर नसला की काय होते ते.

मी दारव्हा तालुक्यात मिनी दाल मिल चालवतो, अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाचं डिझाइन आहे ना, तीच. दोन वर्षांआधी फेब्रुवारीत बँकेच्या कामाने यवतमाळला गेलो होतो, इकडे साल सुटावी म्हणून तेल-पाणी लावलेली नऊ क्विंटल तूर स्लॅबवर वाळत टाकलेली. चार वाजता कामावरच्या पोट्ट्याचा फोन आला पण मी साहेबांच्या केबिनमध्ये, कापला. परत आला, परत कापला. बाहेर निघून लावला तर म्हणतो, "दादा, आभाय भरून आलं होतं, आता तं पानीच सुरू झाला, काय करू?" ताडपत्री गोदामात, गोदामाला कुलूप आणि चाबी माझ्या खिशात.

घरी येऊन भडकलो, कुलूप तोडता नाही आलं का रे. तर तो खाली पाहत म्हणतो, "तुमीच तं म्हनलं होतं, मले इचारल्याबिगर कशाले हात लावू नको." म्हटलंच होतं. दिवाळीत त्याने न विचारता चाळणी बदलली म्हणून चार लोकांसमोर झापलं होतं त्याला. आता पावसाला काय नावं ठेवायची? तूर पुन्हा वाळवली पण डाळीला रंग आलाच नाही, चुरीच जास्त निघाली, गुरांना गेली.

तेव्हापासून ताडपत्री स्लॅबवर, चाबी खिळ्याला, दोन हजार रुपये डब्यात, मोटरचा एक पट्टा एक्स्ट्रा (सीझनमध्ये तुटला तर आणायला दिवस जातो). आभाळ आलं की फोन नाही करायचा, झाकून टाकायचं, ऊन निघालं तरी मी बोलणार नाही. हे न बोलणंच मला सगळ्यात जड जाते, बायको हसते. मशीन आता तिघांना येते, त्यातल्या पाखडायला येणाऱ्या काकू माझ्यापेक्षा बरी चालवतात, आवाजावरून सांगतात दगड गेला म्हणून.

उधारीचंही तसंच, आधी सोय केलेली नव्हती. एका व्यापाऱ्याकडे पाच महिने पैसे अडकले, तूर घ्यायला हातात रुपया नाही. 2006 च्या एमएसएमई कायद्याने आपल्यासारख्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसला तर 15, उशीर झाला तर व्याजासकट. पण उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) पाहिजे आणि बिल पाहिजे, मी चिठ्ठीवर माल दिलेला, कोणाला दाखवू ती चिठ्ठी? नोंदणी फुकट होते, ती करायला मी दोन वर्षं लावली.

आयोजकांना एकच विनंती, पुढच्या मेळाव्यात बँकेच्या साहेबांनंतर आमच्या काकूंना दहा मिनिटं माइक द्या. गाडीवर घेऊन यायचं काम माझं, फक्त कार्यक्रम तूर निघायच्या आधी ठेवा, डिसेंबर लागला की त्या यायच्या नाहीत.

आपला,
एक दाल मिलवाला, ता. दारव्हा, जि. यवतमाळ