दोरी सुटण्याआधीचं सगळं शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

तुमचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत. तुम्ही जे शिकवलंत ते बिनसाइटचं, म्हणजे नेम धरायचं साधन न लावलेलं, पारंपरिक धनुष्य हाती घेणाऱ्या कुणाच्याही कामी येईल, म्हणून हे पत्र उघडं लिहितोय.

माझे तीर खाली आणि डावीकडे जायचे. त्यावर जो तो नेमाचीच युक्ती सांगायचा: टोक जरा वर धर, थोडं उजवीकडे बघ. तुम्ही मात्र लक्ष्याकडे पाहिलंच नाही. माझ्या मागे उभ्या राहून फक्त माझं उजवं कोपर बघत राहिलात आणि म्हणालात, "दोरी गालापर्यंत येते, पण सुटायच्या आधी परत पुढे सरकते."

सगळं कोडं त्यात सुटलं. खेच इंचभर कमी झाली की साधारण 2 ते 3 पाउंड जोर जातो, म्हणून तीर खाली पडतो. कमी जोराला तोच तीर जास्त ताठ ठरतो. धनुष्याला वळसा घालताना तो पुरेसा वाकत नाही आणि उजव्या हाताने खेचणाऱ्याचा डावीकडे जातो. खाली आणि डावीकडे, दोन्हींचं मूळ एकच होतं.

मग तुम्ही माझं 45 पाउंडांचं, म्हणजे पूर्ण खेचायला तेवढा जोर लागणारं, धनुष्य बाजूला ठेवायला लावलंत आणि स्वतःचं 30 पाउंडांचं दिलंत. याबद्दल किती आभार मानू! जड धनुष्य खेचताना खांदा कानाकडे चढतो, सगळा भार दंडावर येतो आणि पाठीच्या स्नायूंना कामच मिळत नाही. नवख्याच्या हाती जड धनुष्य देणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं मला आता ठामपणे वाटतं.

त्यानंतरचे कित्येक आठवडे लक्ष्यावर कागद नव्हता. चार पावलांवर उभं राहायचं, खेच पूर्ण झाली की डोळे मिटायचे आणि तीर सोडायचा. चुकायला काही नसल्यामुळे शरीराकडे लक्ष गेलं. तर्जनी ओठांच्या कोपऱ्याशी प्रत्येक वेळी तिथेच टेकते का? धनुष्याचा दाब अंगठ्याच्या बुडाशी येतो का, की मूठ आवळली जाते? दोरी बोटांच्या पहिल्या पेरात, बादलीची कडी धरावी तशी धरायची, म्हणजे मनगट सैल राहतं, हेही तेव्हाच कळलं. सोडणं म्हणजे बोटं उघडणं नाही, हे तर तुम्ही न कंटाळता दाखवत राहिलात. पाठ खेचतच राहते, बोटं नुसती ढिली होतात आणि हात आपोआप मानेच्या कडेने मागे जातो. तो गालापासून बाहेर उडाला, की दोरी आडवी ढकलली गेली समजायचं.

बिनपिसाचे तीर मारून, ते कसे जातात त्यावरून धनुष्य जुळवायची मला घाई होती. तुम्ही थांबवलंत. सोडणं रोज वेगळं असेल तर तो तीर धनुष्याविषयी खरं काय सांगणार?

सगळ्यात मोठे आभार मात्र "उतरव" या तुमच्या शब्दासाठी. खेच पूर्ण झाल्यावरही काही खटकलं, तर तीर न सोडता दोरी सावकाश परत न्यायची. आधी टोक लक्ष्यावर आलं की बोटं माझ्या इच्छेविरुद्ध सुटायची. पूर्ण खेचून, नेम धरून, न सोडता उतरवण्याचा तुमचा सराव केला आणि ती ओढ हळूहळू गेली. कधी सोडायचं हे आता मी ठरवतो. तीर लक्ष्यावर एकमेकांच्या जवळ लागू लागलेत, त्याचं मोठं श्रेय मी याला देतो.

तुमचं धनुष्य अजून माझ्याकडेच आहे. 35 पाउंडांच्या धनुष्यावर हीच खेच टिकते का ते तुमच्यासमोर पाहायचंय. मी येईन तेव्हा पाच मिनिटं माझ्या मागे उभ्या राहाल का? तुमच्या धनुष्याची दोरी झिजली होती; नवी चढवून, मेण लावूनच ते परत आणतो.

तुमचा कृतज्ञ विद्यार्थी